कुमुदचा पहिला काटा

"हात मागं घेऊ नकोस," मी म्हणाले. "भ्यालेला हात माशीला आधी कळतो."

"भ्याले कुठं, आत्याबाई? घाम पुसत होते."

"काम झाल्यावर पूस."

आमच्या परड्यात त्या सकाळी चाळीस-एक माणसे जमली होती. पावसाळा सरला होता आणि मधपेट्या पहिल्यांदा उघडण्याचा दिवस होता. खोऱ्यातील मधपाळांच्या सोसायटीची मी तेव्हा अध्यक्ष होते. आमच्या शेलारांच्या घरी त्या दिवशी एक रिवाज पाळला जाई. नवी सून उघड्या हातांनी पेटी उघडत असे. तिला माशी चावली की सासू आपल्या नखाने काटा काढी, सर्वांना ऐकू जाईल असे "काढला" म्हणे, आणि मगच सुनेच्या नावाची पेटी मांडली जाई. माझा काटा माझ्या सासूबाईंनी काढला होता, त्यांचा त्यांच्या सासूबाईंनी. तोंडावर जाळी बांधणारी सून आमच्या घरात आजवर झाली नव्हती.

कुमुद साताऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. माझा मुलगा यशवंत लष्करात होता. लग्नानंतर तीन आठवड्यांत तो आसामला परत गेला आणि जाताना "आई, तिला जप" एवढेच म्हणाला. लग्न ठरवताना मी तिला एकच प्रश्न विचारला होता, माश्यांची भीती वाटते का. तिने मलाच उलट विचारले, राणीमाशी किती वर्षे जगते. माझा होकार तेव्हाच ठरला.

तीन पेट्या तिने उघडल्या. चौकटी उचलल्या, उजेडात धरल्या, जागच्या जागी ठेवल्या. एक माशी चावेल तर शपथ.

"सून गोड निघाली, अंबिकाबाई," एक म्हातारे मधपाळ म्हणाले. "माश्यांना आपलीच वाटतेय."

माणसे हसली. चौथ्या पेटीकडे वळताना कुमुदचा पाय दगडावरून सरकला. तोल सावरायला तिने शेजारच्या रिकाम्या पेटीच्या झाकणाची कड धरली आणि "स्स" केले. मी दोन पावलांत तिच्यापाशी पोहोचले. मनगटावर लाल ठिपका उमटला होता. मी नख टेकले, आडवे ओढले आणि मान वर करून म्हणाले, "काढला."

गूळ वाटला जाऊ लागला. तो निम्म्या लोकांपर्यंतही पोहोचला नव्हता, तोच कुमुद माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्याबाई, तळहात फार खाजतायत." मी पाहिले तर तिच्या पापण्या सुजून डोळे मिटत चालले होते. मानेवर गांध्या उठल्या होत्या. तिने माझा खांदा धरला, आणि धरल्या धरल्याच ती खाली गेली.

वनखात्याची जीप गावात उभी होती म्हणून ती वाचली. घाटाखालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, सलाईन लावले आणि संध्याकाळी मला बाहेर बोलावून सांगितले, "आणखी दहा मिनिटं उशीर केला असतात, तर माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नसतं. हिला पुन्हा डंख होता कामा नये."

घरी आल्यावर मी कुमुदला म्हणाले, "पेट्यांचं आता विसर. सोसायटीचं कार्यालय तू सांभाळ."

"आणि माशी कार्यालयात येत नाही का?"

"जाळ्या बसवून घेऊ."

"मला कपाटात ठेवायला आणलंत का, आत्याबाई? यावर काही उपाय असेल. मी पत्रं लिहिते."

तिने पत्रे लिहिली. महिन्याभराने पुण्याच्या एका रुग्णालयातून डॉ. निरंजन रेगे आमच्याकडे आले. डंखांच्या अ‍ॅलर्जीवर ते संशोधन करीत होते. पायात शहरी बूट, बगलेत लाकडी खोके, आणि बोलणे असे की समोरच्याचे वय त्यांना दिसतच नसावे. खोक्यात काचेची पट्टी होती आणि तिच्यावर केसासारख्या तारा ताणलेल्या होत्या. ती पट्टी पेटीच्या दाराशी ठेवून तारांतून हलकी वीज सोडायची, म्हणजे माश्या चिडून काचेवर डंख मारतात. विष वाळले की पात्याने खरवडून घ्यायचे.

"माश्या मरतील," मी म्हणाले.

"नाही मरत. चिडतात फक्त."

"चिडलेल्या मी सांभाळीन. पुढं सांगा."

"पूर्वी अख्ख्या माश्या वाटून त्यांचा अर्क टोचायचे. त्यानं काही होत नाही. निव्वळ विष लागतं. आधी अगदी कणभर, मग दर आठवड्याला थोडं जास्त. सूनबाईंचं शरीर या विषाला बघितलं की घरालाच आग लावून घेतं. त्याला हळूहळू शिकवायचं, की बाबा रे, एवढं काही झालेलं नाही."

त्यांनी कुमुदच्या हातावर विषाचा एक थेंब ठेवून सुईने टोचले आणि घड्याळ लावून बसले. पंधरा मिनिटांनी तिथे तांबूस डाग दिसला, दिसला न दिसलासा. रेग्यांच्या कपाळाला आठी पडली.

"फिकट आलंय. जीव जायची वेळ आलेल्या माणसाचं याहून ठसठशीत यायला हवं. याआधी कधी काही चावलं होतं?"

"शाळेत असताना दोनदा," कुमुद म्हणाली. "पळत सुटले. काय होतं ते बघितलं नाही."

ते माझ्याकडे वळले. "बाई, त्या दिवशी काटा होता ना नक्की? मधमाशी काटा कातडीत सोडून जाते. गांधीलमाशी सोडत नाही. दोघींचं विष वेगळं, उपचार वेगळा. माझं सगळं काम तुमच्या एका शब्दावर उभं राहणार आहे."

"डॉक्टर, तुमचं वय किती?"

"चौतीस."

"मी चाळीस वर्षं काटे काढते आहे."

त्यांनी मान लववली आणि कागदावर लिहून घेतले. जाताना ते कुमुदला म्हणाले, "तुम्ही या खोऱ्यात राहणार, म्हणजे डंख आज ना उद्या होणारच. दवाखाना अठरा किलोमीटरवर. तेव्हा ज्याच्या भरवशावर इथं राहायचं, तो उपचार पक्का व्हायला हवा. अर्धवट सोडायचा नाही."

"मी काही अर्धवट सोडत नाही," कुमुद म्हणाली.

सोडले नाहीच. दर गुरुवारी पहाटेच्या एस.टी.ने ती पुण्याला जाई. दंड सुजून टणक होई, कधी ताप येई. शुक्रवारी ती सोसायटीच्या कार्यालयात हजर असे. असे सात महिने गेले. मे महिन्यात रेग्यांनी निरोप पाठवला, की आता परीक्षा घ्यायची. रुग्णालयात, सर्व तयारीनिशी, खऱ्या माशीचा डंख द्यायचा. माशी तुमच्याच पेटीतली आणा.

भोके पाडलेल्या काड्यापेटीत ती माशी मांडीवर घेऊन मी पुण्याला गेले.

खाटेशेजारी इंजेक्शने भरून ठेवलेली होती. रेग्यांनी माशी चिमट्यात धरून कुमुदच्या हातावर टेकवली. तिने डंख मारला. मिनिटभर घड्याळाकडे पाहून रेगे हसत मला म्हणाले, "या बाई, तुमचा रिवाज. काढा."

मी नख टेकले आणि आडवे ओढले. नखाला काटा लागला. कणी लागावी तसा, बारीक, टणक. विषाच्या ओल्या पिशवीसकट तो माझ्या नखावर आला आणि तिथेही थोडा वेळ धडधडत राहिला.

मी तो पुसून टाकला आणि खुर्चीवर जाऊन बसले.

एक तास थांबायचे होते. रेगे दर पाच मिनिटांनी नाडी पाहत. बहात्तर. चौऱ्याहत्तर. बहात्तर. हातावर बोराएवढी सूज, बाकी काही नाही. "गंमत आहे," कुमुद मध्येच म्हणाली, "त्या दिवशीची कळ अशी नव्हती. सळई लावल्यासारखी होती ती." रेगे म्हणाले, "भीतीनं कळ वाढते." तास संपला तेव्हा ते उभे राहिले आणि त्यांनी सरळ हात जोडले.

"सूनबाई, या उपचारानं बऱ्या झालेल्या तुम्ही माझ्या पहिल्या. माशीला आता भिऊ नका."

"सोमवारी पेट्या बघते," कुमुद म्हणाली आणि पिशवी भरू लागली.

"डॉक्टर," मी म्हणाले, "दार लावा."

त्यांनी लावले.

"ऑक्टोबरात काटा नव्हता."

"म्हणजे?"

"त्या दिवशी माझ्या नखाला काही लागलं नाही. तरी मी काढला म्हणाले."

"आधीच गळून पडला असेल, बाई. कधी कधी होतं तसं."

"मीही मनाशी तेच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या रिकाम्या पेटीचं झाकण उचललं. आत गांधीलमाशीचं पोळं होतं, मुठीएवढं. मी ते एकटीनं जाळलं. त्यानंतर महिन्यानं तुम्ही मला विचारलंत. तेव्हा मला हे ठाऊक होतं."

रेग्यांनी विचारले, "का?"

"गांधीलमाशी आमच्या माश्या मारून नेते. परड्यात तिचं पोळं होऊ न देणं हे घरच्या बाईचं काम. सगळ्या सोसायटीसमोर ते अध्यक्षाच्या पेटीत निघालं असतं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

कुमुदने पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. "डॉक्टर, म्हणजे जिनं मला काहीच केलं नव्हतं तिच्यापासून मी बरी झाले?"

"तसंच म्हणावं लागेल."

"आणि ती दुसरी पुन्हा चावली तर?"

"तर पुन्हा तेच. कदाचित त्याहून वाईट. आणि आज मी तुम्हाला निर्धास्त करून घरी पाठवत होतो." त्यांचा आवाज चढला. "सोमवारी पेट्या उघडायला!"

ती खाटेवर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली आणि जरा वेळाने म्हणाली, "नव्यानं सुरुवात कधी करायची?"

"गांधीलमाशीचं विष माझ्याकडे नाही. ते काचेवर मिळत नाही. एकेका माशीच्या पोटातून पिशवी काढावी लागते. मला निदान तीनशे माश्या लागतील, ताज्या, बर्फात घातलेल्या. त्या धरणार कोण?"

"मी," मी म्हणाले.

"तुमचं वय किती, बाई?" त्यांनी विचारले. या वेळी ते हसत नव्हते.

"एकोणसाठ."

"ठीक आहे. आणा."

त्या रविवारी मी सोसायटीची सभा बोलावली. उभी राहिले आणि सांगितले, "कुमुदला चावली ती मधमाशी नव्हती. माझ्या परड्यात, माझ्या पेटीत गांधीलमाशीचं पोळं होतं. ते मी लपवलं. डॉक्टरांना खोटं सांगितलं, त्यामुळं पोरीचे सात महिने फुकट गेले. मला तीनशे गांधीलमाश्या हव्या आहेत. ज्याच्या घराला पोळं असेल त्यानं सांगावं."

मग कुमुदला गोड म्हणणारे तेच म्हातारे खाकरले. "माझ्या गोठ्याला दोन आहेत."

"तुमच्या?" शेजारचा म्हणाला. "मागच्या वर्षी माझ्या वळचणीचं दिसलं तेव्हा केवढे ओरडला होता मला!"

"ओरडायलाच हवं होतं. म्हणून तर माझं झाकून ठेवलं."

आठवड्याभरात सव्वीस पोळी पुढे आली. इतकी वर्षे प्रत्येक घर आपापले पोळे गुपचूप जाळीत होते आणि शेजाऱ्याच्या पोळ्याला नावे ठेवीत होते.

सूर्य वर येण्यापूर्वी गांधीलमाशी गारठलेली असते. तेवढ्या वेळात शिडी लावून पोळ्यावर रुंद तोंडाची बरणी उपडी धरायची, मागून पुठ्ठा सरकवायचा आणि बरणी बर्फात ठेवायची. बर्फ मी आइसकांडीच्या कारखान्यातून आणवला. शिडीवर मी स्वतः चढले. कोणाला हात लावू दिला नाही. मला अकरा डंख झाले. तीनशे चाळीस माश्या झाल्या. रेग्यांच्या प्रयोगशाळेत मी भिंग लावून दोन दिवस बसले आणि चिमट्याने प्रत्येकीची पिशवी ओढून काढली. पहिल्या वीस-बावीस फुटल्या. "सावकाश, बाई," रेगे म्हणाले. "मला शिकवा, धीर देऊ नका," मी म्हणाले.

त्या विषाचा थेंब कुमुदच्या हातावर टोचला, तेव्हा पंधरा मिनिटे थांबावेही लागले नाही. रुपयाएवढी गांधी उठली, पांढरी, काठाला लालभडक. रेग्यांनी ती मला दाखवली.

मग पुन्हा गुरुवार सुरू झाले. या वेळी सोळा महिने. कुमुद त्या काळात माझ्याशी वाकडे बोलली नाही. खरे तर बोललीच नाही. "जेवण वाढू का," "पत्र आलंय," "एस.टी. चुकेल," एवढेच. यशवंत दोनदा रजेवर येऊन गेला. त्याला तिने काय सांगितले मला माहीत नाही. मी विचारले नाही. तिच्या नावाची पेटी मात्र मी त्याच मे महिन्यात मांडून घेतली होती, परड्यातल्या रिवाजाची वाट न पाहता. ती उघडायला ती परड्यात गेली नव्हती, एवढेच.

दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात शेवटची परीक्षा ठरली. तीच खोली, तशीच भरून ठेवलेली इंजेक्शने. फक्त या वेळी खोलीत तीन डॉक्टर जास्त होते आणि रेग्यांच्या कपाळावर घाम होता. बरणीतली गांधीलमाशी मीच धरून आणलेली होती.

"सूनबाई, एक करायचं," रेगे म्हणाले. "घसा आवळायला लागला तर सर्वांत आधी आवाज बसतो. यंत्रापेक्षा माझ्या कानाला ते लवकर कळेल. डंख झाल्यापासून अर्धा तास तुम्ही बोलत राहायचं. थांबायचं नाही."

"काय बोलू?"

"काहीही. पाढे म्हणा, कविता म्हणा."

कुमुदने जरा विचार केला. मग दीड वर्षात पहिल्यांदा तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिले.

"मनात पुष्कळ साठलंय. ते बोलू का?"

रेग्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खुर्ची ओढली आणि तिच्या खाटेला अगदी लागून बसले.

"बोल," मी म्हणाले.

माशी टेकवली. कुमुदने डोळे घट्ट मिटले, उघडले आणि सुरुवात केली.

"तुम्हाला माणसापेक्षा मान मोठा वाटला, आत्याबाई. मी तुमच्या पायाशी पडले होते. माझे डोळे मिटले होते, मला श्वास येत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात ते पोळं जाळायला. मला सांगायला नाही आलात. दर गुरुवारी मला डबा करून द्यायचात. अठ्ठावीस डबे दिलेत. एकदाही तोंड उघडलं नाहीत. मी त्या एस.टी.त ताप अंगावर घेऊन बसायचे आणि मनाशी म्हणायचे, बघ, सासू किती करते आपल्यासाठी."

नर्स खाली पाहू लागली. "नाडी ऐंशी," रेगे हलक्या आवाजात म्हणाले.

"वरून आता सगळ्या खोऱ्यात तुमचंच नाव. अंबिकाबाईंनी शिडीवर चढून माश्या धरल्या! बायका मला येऊन सांगतात, नशीबवान आहेस. नशीबवान! माझं मरण थोडक्यात हुकलं, आणि कौतुक कुणाचं? तुमचं."

"खरं आहे," मी म्हणाले.

"मध्ये बोलू नका!"

माझ्या सबंध आयुष्यात मला असे कोणी म्हटले नव्हते. मी गप्प बसले.

पंधरा मिनिटे झाली. तिच्या हातावर सूज आली, कोपराच्या खालीच थांबली. ती माझ्या हट्टाबद्दल बोलली, माझ्या स्वयंपाकघरातल्या कुलपांबद्दल बोलली. लग्नात तिच्या आईला मी मागच्या ओळीत बसवले होते, त्याबद्दल बोलली. ते मला आठवतही नव्हते. विसाव्या मिनिटाला ती थांबली. ओठ कोरडे पडले होते. रेग्यांचा हात इंजेक्शनकडे गेला.

"कुमुद," मी म्हणाले. "आणखी काय?"

"पाणी," ती म्हणाली. एक घोट घेतला. "आणि माझी बी.एस्सी. तुम्ही चारचौघांत मिरवता, पण पेट्यांविषयी मी काही सांगितलं की म्हणता, पुस्तकातलं पुस्तकात ठेव..."

शब्द अन् शब्द स्वच्छ होता. आवाज खणखणीत होता. बाहेरच्या व्हरांड्यातली माणसे दाराशी येऊन डोकावू लागली होती. माझ्या पदराची गाठ माझ्याच मुठीत आवळली गेली होती.

रेग्यांनी घड्याळ वर केले. त्यांचा चेहरा फुलला होता. "झाला अर्धा तास! सूनबाई, बास. झालं."

कुमुद त्यांच्याकडे पाहतही नव्हती. "माझं अजून संपलेलं नाही," ती म्हणाली.

मी रेग्यांना हाताने थांबवले.

"बसा, डॉक्टर," मी म्हणाले. "तिचं बोलणं व्हायचंय."